एका शिशाच्या एलची साक्ष

माणसाला दोन बाजू असतात, हे वैद्यकशास्त्राला मी शिकवलं. मी नसतो, तर मोठमोठे सर्जन हातात सुरी घेऊन टेबलाभोवती गोल गोल फिरत बसले असते. माझ्या एका शब्दावर छात्या उघडल्या गेल्या आणि एका शब्दावर पाय वाचले. भले भले प्राध्यापक चष्मा वर करून आधी मला शोधतात, मग रुग्णाकडे वळतात. मित्रांनो, माझी एकूण उंची तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी आहे आणि मला एवढा एकच शब्द येतो.

मी एक जुना शिशाचा एल आहे. एल म्हणजे लेफ्ट, म्हणजे डावा. बाकीच्या अक्षरांना एकमेकांचे हात धरून शब्द बनवावे लागतात, तेव्हा कुठे त्यांना काही बोलता येतं. मी एकटाच पूर्ण वाक्य आहे, आणि या गोष्टीचा मला बरीच वर्षं गर्व होता.

आमचं काम काय, ते आधी सांगतो. एक्स-रेच्या फोटोत माणसाचं फारसं काही उरत नाही. चेहरा जातो, मिशा जातात, हुद्दा जातो. उरतात ती हाडं, आणि हाडांचा स्वभाव असा की डावीकडची आणि उजवीकडची बहिणी-बहिणींसारखी दिसतात. त्यातून हा फोटो म्हणजे काचेवरच्या चित्रासारखा असतो. इकडून पाहिला तर एक बाजू, पालथा करून पाहिला तर दुसरी. पाहणाऱ्याने ओळखायचं कसं? म्हणून फोटो काढण्याआधी रुग्णाच्या डाव्या अंगाला, फोटो जिच्यावर उमटतो त्या पाटीवर, मला चिकटवायचं. ते किरण कातडीतून जातात, सदऱ्यातून जातात, श्रीमंताच्या आणि गरिबाच्या सारखेच आरपार जातात. माझ्यातून जात नाहीत. मी शिसं आहे. त्यामुळे काळ्या फोटोच्या कोपऱ्यात मी तेवढा पांढराशुभ्र उमटतो आणि सांगतो, ही डावी.

माझा जन्म एका गळक्या छपराच्या ओतशाळेत झाला. तिथं एकाच कढईतल्या शिशातून दोन गोष्टी व्हायच्या, एक्स-रेची अक्षरं आणि मासेमारीच्या जाळ्याला लावायची वजनं. ओतणारा माणूस पळी भरायचा आणि जो साचा समोर येईल त्यात ओतायचा. एक पळी अलीकडे असतो तर मी आयुष्यभर पाण्याच्या तळाशी गेलो असतो. त्या वेळी मी स्वतःला भाग्यवान समजलो. आता वाटतं, मासे बरे. त्यांनी माझ्यावर विश्वास तरी ठेवला नसता.

माझ्याबरोबर माझा जुळा भाऊ आर जन्मला. तो उजवीकडचा. आम्हा दोघांना एका छोट्या डबीत घालून एका मोठ्या इस्पितळाच्या एक्स-रे विभागात पाठवलं, आणि तिथं आम्ही धराबाईंच्या हाती पडलो.

धराबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. त्या दिवसभर म्हणायच्या, "श्वास घ्या. मोठा. आता धरा. धरा, धरा, धरा... सोडा." पंचवीस वर्षं दिवसाला शंभर माणसांना हेच सांगितल्यावर खरं नाव टिकतं थोडंच! घरी त्यांच्या सासूबाईसुद्धा फोनवर सांगायच्या, "धरा अजून आली नाही."

त्या विभागात एक जुनी पद्धत होती. प्रत्येक एक्स-रेवाल्याची अक्षरांची जोडी स्वतःची असायची. ती कुणी कुणाला द्यायची नाही आणि कुणाची मागायची नाही. अक्षरावर आपली खूण करायची, म्हणजे फोटो कुणी काढला हे फोटोच सांगेल. धराबाईंनी सुई तापवून माझ्या पायावर दोन बारीक टिंबं पाडली. दुखलं. पण त्या दिवसापासून मी नुसता एल राहिलो नाही, मी धराबाईंचा एल झालो.

त्यांची काम करायची रीत बघण्यासारखी होती. रुग्ण आला की त्या मला बोटात धरून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "डावा हात वर करा." रुग्णाने स्वतः हात वर केला की त्या हाताच्या बाजूला मला चिकटवायच्या. कागदावर काय लिहिलंय ते नंतर. आधी माणसाला विचारायचं. तुम्हाला वाटेल, यात काय कठीण आहे? मित्रांनो, घाबरलेल्या माणसाला आपला डावा हात सापडणं ही सोपी गोष्ट नाही. एकदा एक गणिताचे प्राध्यापक दोन्ही हात वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "यातला तुम्हीच निवडा."

एक आजी तर भांडायलाच उठल्या होत्या.

"आजी, डावा हात कुठला तुमचा?"

"जो दुखत नाही तो."

"बरं. आणि दुखतो तो कुठला?"

"ते तुम्ही सांगायचं! मी कशाला आलेय इथं?"

धराबाई हसल्या नाहीत. त्यांनी आजींना जेवायची कृती करून दाखवायला सांगितली, जेवायचा हात नक्की केला, मग दुसऱ्या हाताला मला लावलं. "श्वास घ्या, आजी. धरा." आजींनी श्वास धरला तो दार ओलांडून बाहेर जाईपर्यंत सोडला नाही.

या सगळ्याला वीस सेकंद लागायचे. वीस सेकंदांत काय होतं? काही होत नाही. त्यासाठीच तर ते वापरायचे.

माझी कीर्ती हळूहळू पसरली. छातीच्या विभागातले थोरले डॉक्टर फोटो उजेडावर धरायचे, माझ्या पायाशी दोन टिंबं दिसली की मान हलवायचे. "टिंबवाला फोटो आहे. परत विचारायला नको." हे वाक्य ऐकून मी फुगायचो. शिसं फुगत नाही, पण मी फुगायचो. पुढे ते वाक्य थोरल्यांकडून मधल्यांकडे आणि मधल्यांकडून धाकट्यांकडे गेलं. त्यातलं 'परत विचारायला नको' एवढंच धाकट्यांच्या लक्षात राहिलं.

मग एके दिवशी इस्पितळात गती आली.

गती घेऊन आले ते नवे व्यवस्थापक. त्यांच्या हातात थांबतं-चालतं करायचं घड्याळ होतं. ते दोन दिवस एक्स-रेच्या खोलीत कोपऱ्यात उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी धराबाईंना बोलावलं.

"तुम्ही प्रत्येकाला हात वर करायला लावता."

"हो."

"वीस सेकंद जातात. दीडशे रुग्ण धरले तर पन्नास मिनिटं होतात, बाई. पन्नास मिनिटं तुम्ही लोकांना हात वर करायला लावता. ही काय शाळा आहे?"

"शाळेत एकदा शिकवलं असतं साहेब, तर मला विचारावं लागलं नसतं."

हे उत्तर त्यांनी लिहून घेतलं. ते सगळंच लिहून घ्यायचे. त्यांच्याकडे लिहून घेतलेल्या गोष्टींचं एक कपाट होतं आणि त्या कपाटाची किल्ली हरवलेली होती.

पुढच्या आठवड्यात फतवा निघाला. अक्षरं ही संस्थेची मालमत्ता आहे, ती खाजगीरीत्या बाळगता येणार नाहीत, सर्वांनी सामाइक खणात जमा करावीत. धराबाईंनी आम्हा दोघांना खणात ठेवलं, तेव्हा खणात आधीच चौदा एल, नऊ आर, एक तुटकी कात्री आणि कुणाचं तरी कफाचं औषध होतं. पंधरवड्यात माझा भाऊ आर कुठे गेला, कळलं नाही. खोली झाडताना गेला असावा. त्याची चौकशी झाली नाही. मालमत्ता सामाइक झाली की दुःखही सामाइक होतं, म्हणजे कुणालाच होत नाही.

खणातून मला उचललं ते विक्रमवीराने.

हेही टोपणनाव. विभागाच्या दारावर नवा फळा लागला होता, त्यावर सर्वांत जास्त फोटो काढणाऱ्याचं छायाचित्र लागायचं, आणि ते सलग सात महिने त्याचंच होतं. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायलाच हवं. हसतमुख, दोन जुळ्या मुलींचा बाप, टाचा दुखायच्या म्हणून पायताणात स्पंज घालून दुहेरी पाळी करायचा. रुग्णांशी गोड बोलायचा. फक्त बोलत असताना हात चालू ठेवायचा.

त्याने माझा थोडा वेळ विचार केला. रोज दीडशे वेळा चिकटवायचं, दीडशे वेळा सोडवायचं. कशाला? त्याने मला फोटोच्या पाटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं आणि माझ्यावरून रुंद चिकटपट्टी आडवी-उभी अशी दोनदा लावून टाकली. कायमची. आर हवाच कशाला? एक बाजू कळली की दुसरी आपोआप कळते.

मित्रांनो, आता एक करून बघा. भिंतीकडे तोंड करून, छाती भिंतीला टेकवून उभे राहा. डाव्या हाताशी भिंतीवर खडूने खूण करा. झालं? आता तिथंच वळा आणि पाठ भिंतीला टेका. खूण हललेली नाही. पण आता ती तुमच्या कुठल्या हाताशी आहे?

हे तुम्हाला एका क्षणात कळलं. एक्स-रे विभागात ते नऊ महिने कुणाला कळलं नाही, कारण नऊ महिने सगळे रुग्ण पाटीला छाती लावूनच उभे राहत होते, आणि मी खरं बोलत होतो. बसल्या जागी खरं बोलणारा साक्षीदार सगळ्यांनाच आवडतो.

एकट्या धराबाईंच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं.

"हे काय केलंयस?" त्या म्हणाल्या.

"सोय."

"आणि पाठीवर निजलेला आला तर? हा उजवीकडे जाईल."

"निजलेल्यांच्या वेळी काढेन ना बाई. माझ्या लक्षात नाही का राहणार?"

"लक्षात राहत नाही म्हणूनच ही अक्षरं ओतली रे."

त्यांनी नखाने पट्टी सोलून मला मोकळं केलं. दोन दिवसांनी मी परत कोपऱ्यात होतो. त्यांनी परत सोललं. तिसऱ्यांदा सोलून त्यांनी लेखी तक्रार दिली, व्यवस्थापकांनी ती कपाटात ठेवली आणि 'नोंद घेतली आहे' असा कागद दिला. चौथ्यांदा त्या पाटीजवळ आल्या तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि बाहेर चाळीस माणसं उभी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं. मग त्या शेजारच्या खोलीतल्या यंत्राकडे निघून गेल्या.

तो रुग्णसुरक्षा सप्ताहाचा पहिला दिवस होता.

सप्ताहासाठी इस्पितळाच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत घोषवाक्य रंगवायचं काम चालू होतं. रंगारी नवरा-बायको होते. तो शिडीवर, ती खाली शिडी धरून आणि रंग कालवून देणारी. 'रुग्णाची सुरक्षा हीच आमची' इथपर्यंत वाक्य आलं होतं. पुढचा शब्द सांगायला कुणी तरी येणार होतं, ते बैठकीत होते. वाट बघत असताना त्याने वरचा एक काना जाड करायला हात लांबवला, आणि शिडीचा पाय सरकला.

तो डाव्या अंगावर पडला. दोन फासळ्या मोडल्या, त्यातल्या एकीचं टोक फुप्फुसात घुसलं, आणि श्वासाबरोबर छातीत हवा साठायला लागली. अशी हवा साठली की ती फुप्फुसाला चेपते आणि हृदयालाही दुसऱ्या बाजूला ढकलते. पण त्यावर सोपा इलाज आहे. त्या बाजूला नळी घालायची आणि हवा सोडून द्यायची. वेळेवर घातली तर माणूस संध्याकाळी पाणी मागतो. बाजू मात्र बरोबर हवी.

तातडीच्या विभागात त्याला उताणं निजवलं होतं. विक्रमवीर चाकांवरचं यंत्र ढकलत आला, मागोमाग पाटी आली, पाटीवर मी.

"हलू नका हं, काका. अजिबात नाही," तो म्हणाला. रंगारी हलला नाही. त्याच्या भुवयांवर रंगाचे थेंब वाळले होते. त्याची बायको पायथ्याशी उभी राहून सांगत होती, "डावीकडे पडले हो. मी शिडी धरली होती. डावीकडे."

"बाई, जरा बाहेर थांबा. फोटोत सगळं दिसतं."

पाटी पाठीखाली सरकली. मी त्याच्या उजव्या खांद्याशी आलो. विक्रमवीराने नेहमीचं बटण दाबलं, छातीच्या फोटोचं, उभ्या रुग्णाचं, म्हणजे तो छाती टेकवून उभा आहे असंच यंत्रानेही धरलं. मला एकच शब्द येतो, मित्रांनो, आणि त्या क्षणी तो खोटा होता. मी तो बोललो. पांढराशुभ्र, ठळक, दोन टिंबांसकट.

पडद्यावर फोटो आला. हवा होती डावीकडे. पण मी उजवीला डावी म्हटलं होतं, त्यामुळे हवा उजवीकडे दिसली. आणि हृदय? हवेने ढकलून खरं तर ते उजवीकडे नेलं होतं. माझ्या साक्षीमुळे तेही जागच्या जागी, डावीकडे, शहाण्यासारखं बसलेलं दिसलं. असा बेमालूम खोटा फोटो ठरवून काढायला गेलात तर जमणार नाही.

पाळीवरचे डॉक्टर सलग तिसाव्या तासाला होते. छातीला लावून ऐकायची नळी त्यांच्या गळ्यात होती, आणि ती तिथंच राहिली. त्यांनी डोळे पडद्याजवळ नेले.

"उजवीकडे आहे."

"ती बाई तर डावीकडे म्हणते," नर्स म्हणाली.

"घाबरलीय ती. आणि हे बघ ना, टिंबं आहेत. धराबाईंचा फोटो. परत विचारायला नको."

"डावीकडे!" दाराबाहेरून तिसऱ्यांदा आवाज आला.

त्यांनी उजवीकडे नळी घातली. चांगल्या बाजूला. त्यानंतर जे झालं ते फार वेळ चाललं नाही. पावणेबाराला कुणी तरी घड्याळ पाहून वेळ लिहिली.

धावत येऊन धराबाईंनी पाटी उलटी करून पाहिली तेव्हा मी कोपऱ्यात होतो, पट्टीखाली. त्यांनी ती पट्टी सोलली. चौथ्यांदा.

चौकशी समिती बसली. मोठे साहेब, व्यवस्थापक आणि एक सल्लागार. मी एका पाकिटात टेबलावर होतो. पाकिटावर 'पुरावा १' लिहिलेलं होतं. पुरावा २ नव्हताच. सामाइक खण रिकामा करून पुसून ठेवला होता आणि दारावरचा फळा रंग द्यायला नेला होता.

धराबाईंना आत बोलावलं. मोठ्या साहेबांनी मला पाकिटातून काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे तुमचं अक्षर?"

"माझं होतं. नंतर संस्थेचं झालं."

"टिंबं तुमची आहेत."

"हो."

"मग बघा, बाई," सल्लागार अगदी मायेने म्हणाले, "टिंबं तुमची म्हणजे कागदोपत्री फोटो तुमचा. आम्हाला कुणाचंच वाईट करायचं नाही. तुमच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. त्या पोराला दोन मुली आहेत. आम्ही एक साधा जबाब तयार केलाय. 'फोटोच्या वेळी रुग्णाने हालचाल केली, त्यामुळे अक्षराची जागा बदलली.' बस. सही केलीत की कुणाचंच काही जात नाही."

"कुणाचंच नाही?"

"आता जो गेला तो गेला."

व्यवस्थापकांनी पेनाचं टोपण काढून दिलं. त्यांना पेन उघडायला लागणारा वेळही वाचवायची सवय होती.

धराबाई जबाबाकडे बघत राहिल्या. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या, हे मला त्यांच्या कोटाच्या खिशात राहायचो तेव्हापासून माहीत होतं. इस्पितळाचं घर होतं, ते नोकरीबरोबर जाणार होतं. हालचाल केली, एवढे दोनच शब्द. शेवटी 'हलला' म्हटलं म्हणून मेलेल्या माणसाला काय लागतं?

त्यांनी पेन घेतलं नाही. मला उचललं. मुठीत धरलं आणि खुर्ची मागे सारून त्या उठल्या.

"अहो, कुठे? तो पुरावा आहे!" मोठे साहेब म्हणाले.

"आणते परत."

बाहेर बाकावर रंगाऱ्याची बायको बसली होती. तिच्याशेजारी दीर. तिला आदल्या दिवशीच सांगून झालं होतं की नवरा हलला म्हणून फोटो बिघडला. ती मांडीवर हात ठेवून बसली होती आणि तिच्या नखांत निळा रंग होता.

धराबाई तिच्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मी पंचवीस वर्षं ऐकत होतो, पण श्वास त्यांचा स्वतःचा अडकलेला पहिल्यांदाच ऐकला.

"ते हलले नव्हते," त्या म्हणाल्या. "त्यांना हलू नका म्हटलं होतं, ते हलले नाहीत. तुम्ही बरोबर सांगत होतात. डावीकडेच होतं. चूक आमची झाली." त्यांनी मूठ उघडून मला दाखवलं. "हे उजवीकडे लागलं. पाटीवर एकाच जागी चिकटवून ठेवलं होतं. त्या दिवशी सकाळी मी पाहिलं होतं. मला माहीत होतं, असं होऊ शकतं."

बाईने माझ्याकडे पाहिलं. नवरा कशाने गेला याचं उत्तर म्हणून मी फारच लहान होतो, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग तुम्ही कुठं होतात?"

"शेजारच्या खोलीत."

दीर उठून उभा राहिला. बाईने त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली बसवलं. तिने आभार मानले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. धराबाई तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या, जणू कुणी तरी 'सोडा' म्हणेल याची वाट बघत होत्या. कुणी म्हणालं नाही. मग त्या आत गेल्या आणि मला पाकिटात ठेवलं.

समितीचा अहवाल महिन्याने आला. बेचाळीस पानांचा होता आणि त्यात दोषी कोण हे शेवटच्या पानावर होतं. मी. 'शिशाची अक्षरे हे कालबाह्य साधन असून मानवी चुकांना वाव देते.' सगळी अक्षरं मागे घेण्यात आली. आता फोटो काढून झाल्यावर, रुग्ण घरी निघाल्यावर, संगणकावर बाण नेऊन अक्षर टाकतात. जिथं पाहिजे तिथं टाकता येतं, हा त्याचा गुण आहे असं अहवालात म्हटलंय.

विक्रमवीराला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. तो आता प्रत्येक रुग्णाला विचारतो. "डावा हात वर करा. अजून एकदा. हाच ना?" तीन-तीनदा विचारतो, रुग्ण वैतागतात. त्याचं छायाचित्र फळ्यावरून कधीच उतरलं. सध्या तिथं दुसरा एक जण आहे, चांगला चपळ आहे म्हणतात.

भिंतीवरचं वाक्य दुसऱ्या रंगाऱ्याकडून पुरं करून घेतलं. ते वाक्य जिथून दिसतं त्या दालनात 'काल आणि आज' असं एक छोटं प्रदर्शन मांडलंय, आणि तिथं मी काचेच्या पेटीत मखमलीवर बसतो. खाली लिहिलंय, 'पूर्वी वापरले जाणारे अक्षर'. शाळांच्या सहली येतात. म्हणूनच तर तुमची-माझी गाठ पडली.

तुमचे गुरुजी सांगतील की जुन्या वस्तूंची काळजी घ्या. माझी नका घेऊ. मला पॉलिश केल्याने कुणाचंही फुप्फुस वाचणार नाही. कधी तुम्हाला त्या थंड पाटीपुढे उभं केलं, तर कुणी विचारायची वाट बघू नका. दुखतं त्या बाजूचा हात वर करा आणि सांगा, ही. कुणी म्हणेल, फोटोत दिसतं. तरी सांगा. ऐकतीलच अशी हमी मी देत नाही. ती बाई तीनदा सांगत होती. तुम्ही चौथ्यांदा सांगा. आणि मोठे होऊन तुमच्यापैकी कुणी पाटीच्या या बाजूला उभं राहिलं, तर रांग कितीही लांब असू द्या, समोरच्याला त्याचा हात विचारा. विचारायला वीस सेकंद लागतात. मी मोजलेत.

एवढंच सांगायचं होतं. आता पुढे सरका, मागची मुलं खोळंबलीत. आणि एक विनंती आहे. बघताना पेटीच्या काचेला नाक लावू नका, डाग पडतात. त्यांचा प्रदीर्घ अनुभव लक्षात घेऊन काच पुसायचं काम सध्या धराबाईंना दिलेलं आहे.